जहाजावर बाप नसतो

कप्तान बार्झिलाय थर्लोच्या जहाजावर बाप हा प्राणी चालत नसे. काका, मामा, मेव्हणा, शेजारी, काहीच चालत नसे. आम्ही निम्मी माणसं अमेरिकेतल्या न्यूबरीपोर्ट बंदराच्या एकाच गल्लीतली, एकमेकांच्या घरच्या चुलीवर काय शिजतंय ते वासावरून ओळखणारी. पण नदीच्या मुखावरचा वाळूचा बांध ओलांडला की थर्लो टोपी सारखी करायचा आणि म्हणायचा, "आता इथं एक कप्तान, बाकी सगळे खलाशी. नियम सगळ्यांना एक." मी त्या 'प्रुडन्स' जहाजावर सुतार होतो. नाव हनोख डोल, पण सगळे मिस्त्रीच म्हणत. थर्लोबरोबर मी तीन सफरी केल्या. माणूस दर्या ओळखायचा, वारा ओळखायचा, मिऱ्याचं पोतं नुसतं हुंगून त्यात किती माती मिसळलीय ते सांगायचा. माणसं तेवढी त्याला कधी कळली नाहीत.

ज्या सफरीची ही गोष्ट आहे, तिच्यात त्याचा मुलगा आमच्याबरोबर होता. एलिफलेट नाव, आम्ही लिफ म्हणायचो. एकोणीस वर्षांचा, लांब मानेचा, बोलताना हसणारा. आईचा भारी लाडका. हिटी थर्लोनं धक्क्यावर सगळ्यांदेखत नवऱ्याला बजावलं होतं, "अहो, पोर तुमच्या हवाली करतेय. जसा नेताय तसा परत आणा." थर्लो म्हणाला, "बापाच्या नजरेखाली आहे, तुला कसली काळजी?" बांध ओलांडायच्या आधी म्हणाला, म्हणून बाप हा शब्द चालला.

पहिल्याच आठवड्यात लिफला देवमासा दिसला. पोर कठड्याला लटकून ओरडलं, "बाबा! बाबा, ते बघा!"

थर्लो शांतपणे त्याच्याजवळ गेला. "कुणाला हाक मारलीस?"

"तुम्हाला."

"इथं कोण बाबा आहे तुझा?"

लिफ हसला. त्याला वाटलं, गंमत चाललीय. त्याला डोलकाठीच्या शेंड्यावर चढवलं आणि दिवसभर तिथंच ठेवलं, नोव्हेंबरच्या वाऱ्यात, उपाशी. संध्याकाळी आम्ही त्याला उतरवला तेव्हा त्याची बोटं वळत नव्हती. स्वयंपाक्यानं त्याला चमच्यानं भरवलं.

दुसऱ्यांदा तो चुकला तो तापात. उलट्या करता करता 'बाबा, पाणी' म्हणाला. त्यावेळी थर्लोनं स्वतः दोर घेतला. प्रत्येक फटक्याला विचारायचा, "मी कोण?"

"कप्तान."

"ऐकू आलं नाही."

"कप्तानसाहेब!"

"अजून मोठ्यांदा. वादळात ऐकू आलं पाहिजे."

आम्ही सगळे रांगेत उभे होतो, कारण शिक्षा बघणं हाही नियमच. पेटिंगेल, कप्तानाच्या हाताखालचा पहिला अधिकारी, चांगला पापभीरू माणूस, तो आकाशाकडे बघत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार खावा तसा लिफ मार खात होता आणि मधे मधे मोठ्यानं कप्तानसाहेब, कप्तानसाहेब म्हणत होता. त्यानंतर तो कधी चुकला नाही. बापाच्या खोलीत जेवण घेऊन गेला तरी टोपी काढून दारात उभा राहायचा. थर्लो त्या दिवसापासून त्याच्यावर खूष होता. मला म्हणाला, "मिस्त्री, लाकूड ओलं असतानाच वाकवायचं असतं." मी म्हणालो, "फार वाकवलं तर मोडतं, साहेब." तो म्हणाला, "मग ते लाकूडच नव्हतं."

सुमात्राच्या किनाऱ्यावर आम्ही मिरी भरली. तिथंच आमच्या गावाशेजारच्या सेलम बंदराचं एक जहाज भरत होतं. दोन्ही जहाजं एकाच आठवड्यात निघाली आणि थर्लोला दुसरं काही सुचेना. मिरी आधी कोण आणतो त्याला भाव मिळतो, नंतर येणाऱ्यानं ती चहात घालून प्यावी. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केपच्या आसपास, एक दिवस हवा स्वच्छ होती तेव्हा मागे क्षितिजावर त्यांची शिडं दिसली. थर्लोनं त्या दिवसापासून झोप सोडली.

दुसऱ्या सकाळी धुकं उतरलं. वारा मात्र जोराचा, अगदी पाठीमागून, म्हणजे घरी जाणाऱ्याला सोन्यासारखा. पाठीमागून वारा आला की नाळेपुढच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाबाहेरच्या, वाशावरचं त्रिकोणी शीड नुसतं फडफडतं, कामाचं राहत नाही. ते गुंडाळून बांधायला थर्लोनं दोघांना पाठवायला सांगितलं, सायलस नॉयस आणि आमोस क्विपिश.

आमोस हा गे हेडचा, गोरे यायच्या आधीपासून तिथं राहणाऱ्यांपैकी. त्या मूळच्या लोकांना आमच्याकडे इंडियन म्हणतात. खऱ्या इंडियाला चार वेळा जाऊन आलेल्या आमच्या खलाशांचीही ती सवय सुटलेली नाही. आमोसइतकी तीक्ष्ण नजर जहाजावर कुणाची नव्हती. थर्लो त्याला नावानं क्वचितच हाक मारी, 'ए इंडियन' म्हणायचा. पण अवघड जागी चढायचं असलं की त्यालाच पाठवायचा.

मी मधल्या झाकणाची फळी बसवत होतो. पुढून सायलसची किंकाळी आली, "माणूस पाण्यात! माणूस गेला!"

धुक्यात नाळ दिसत नव्हती. पाण्यातून, आमच्या उजव्या अंगानं, आवाज आला. "कप्तान! कप्तानसाहेब!" तो आवाज जहाजाच्या कडेनं माझ्याजवळून गेला आणि मागे थर्लो उभा होता त्याच्याही जवळून गेला. नाकातोंडात पाणी गेलेल्या माणसाचा आवाज होता तो, कुणाचाच न वाटणारा. मलाही ओळखू आला नाही, खोटं कशाला बोलू.

पेटिंगेल धावत मागे गेला. "साहेब, जहाज वळवू? होडी सोडतो, चौघं तयार आहेत."

"कोण गेला?"

"पुढं आमोस आणि सायलस होते. ओरडला तो सायलस, म्हणजे..."

"म्हणजे इंडियन," थर्लो म्हणाला. "ह्या धुक्यात होडी सोडलीस तर एकाच्या जागी पाच जातील."

"साहेब, तो हाक मारतोय."

खरंच मारत होता. आता लांबून. "कप्तानसाहेब! कप्तान!"

"मला कान आहेत," थर्लो म्हणाला. "कोंबड्यांचं खुराडं टाक पाण्यात, धरायला होईल काहीतरी. सेलमवाले पाठीवर बसलेत आपल्या. मी एका माणसासाठी हा वारा सोडणार नाही." मग सुकाणूवरच्या खलाशाकडे बघून हसला. "इंडियन आहे. माशासारखे पोहतात ते. आपल्या आधी पोचेल घरी."

सुकाणूवरचा हसला नाही. खुराडं कोंबड्यांसकट पाण्यात गेलं. हाक आणखी एकदा ऐकू आली, मग नाही.

सायलस बराच वेळ पुढं वाशालाच चिकटून होता. सुटलेलं शीड त्याला फटकारत होतं, त्याला उठता येईना की मागे सरकता येईना. त्याला दोर टाकून आत घ्यायलाच आम्हाला पुष्कळ वेळ लागला. तो डेकवर येऊन पडला तेव्हा त्याचे दात एकमेकांवर आपटत होते, शब्द फुटत नव्हता. नेमका त्याच वेळी सुकाणूची पाळी बदलली आणि खालून चाक हातात घ्यायला आमोस वर आला.

हाताला भिजवलेल्या पावाचं पोटीस बांधलेलं, डोळे तापानं लाल. तो सरळ मागे गेला, टोपी काढली आणि चाकाला हात लावला.

थर्लो त्याच्याकडे बघत राहिला.

"तू?"

"मीच, साहेब."

"तू पुढं होतास."

"गळू झालंय हाताला, मूठ मिटत नाही. लिफ म्हणाला, मी जातो." आमोसला अजून काहीच ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, कामचुकारपणाबद्दल झाडतायत. म्हणून त्यानं पोराची बाजू सांभाळायचा प्रयत्न केला. "त्याची चूक नाही, साहेब. मला म्हणाला, 'तू झोप रे, बाबांना कळायचं नाही.'"

खाली, खलाशांच्या अंधाऱ्या खोलीत, लिफ बापाला बाबाच म्हणत होता तर. मला वाटतं थर्लोला हे त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

मग जहाज वळलं. कसं वळलं म्हणता! त्या वाऱ्यात शिडं फाटतील, काठी मोडेल, सेलमवाले पुढं जातील, कशाचीही पर्वा नाही. जी होडी पाच माणसं गिळणार होती तिच्यात थर्लो स्वतः उतरला. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो, पण ती डोळ्यांनी बघायला केपला जावं लागलं. धुक्यात होडीतून त्याचा आवाज येत होता. "लिफ! पोरा! मी बाबा रे! इकडं, बाबा इकडं आहे!" वल्ही मारणारे चौघं मान खाली घालून बसले होते. कुणाला रडू येत होतं आणि कुणाला हसू, मी विचारलं नाही.

दुपारी धुकं विरलं. थर्लो होडीतून रिकाम्या हातानं वर आला आणि आमोससमोर उभा राहिला.

"तुझी नजर चांगली आहे," म्हणाला. "चढशील का?"

पंधरा वर्षांत त्यानं कुणाला 'करशील का' विचारलं नसेल. आमोसला तोवर सगळं कळलं होतं. पेटिंगेलनं काय विचारलं, थर्लोनं काय उत्तर दिलं, माशासारखे पोहतात तेसुद्धा, सगळं सुकाणूवरच्या खलाशानं त्याला शब्द न शब्द सांगितलं होतं. मी आमोसच्या जागी असतो तर वर जाऊन डोळे मिटून बसलो असतो, आणि देवानंही मला काही म्हटलं नसतं. आमोस चढला. फुगलेल्या हातानं चढला आणि अंधार पडेपर्यंत वर राहिला. त्याला खुराडं सापडलं. त्यात मेलेल्या कोंबड्या होत्या. बाकी काही नाही.

खाली आल्यावर थर्लोनं विचारलं, "नीट बघितलंस?"

"नीट बघितलं, साहेब. सकाळी कुणी बघितलं असतं तर दिसला असता."

एरवी ह्या उत्तराला दोर होता. थर्लो खोलीत निघून गेला.

आता जहाजाची रीत अशी, की खलाशी मेला की त्याची पेटी मोठ्या डोलकाठीपाशी आणायची आणि त्यातल्या वस्तूंचा लिलाव करायचा. ज्याला जे हवं ते त्यानं बोलीत घ्यायचं, पैसे पगारातून वळते होऊन मेलेल्याच्या घरी जातात. सुमात्रात तापानं एक जण गेला तेव्हा पुकारा पेटिंगेलनं केला होता आणि त्याचं घड्याळ स्वतःच स्वस्तात घेतलं होतं. थर्लो भडकला होता. 'माझ्या जहाजावर पुकारा कप्तान करील, आणि पुकारणारा बोली लावणार नाही,' असा त्यानं नियम घातला होता. चांगला नियम होता. मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या.

तिसऱ्या दिवशी जेवणानंतर माणसं न सांगता मोठ्या डोलकाठीपाशी जमली. टोप्या हातात. थर्लो आला.

"काय आहे?"

"पेटी, साहेब," सायलस म्हणाला. "लिफची."

"ती घरी जाईल. त्याच्या आईकडं."

कुणी हललं नाही. मग मागून एकजण म्हणाला, अगदी नम्रपणे, "नियम सगळ्यांना एक ना, साहेब?"

नाही म्हणणं त्याच्या हातात होतं. आम्ही काय करणार होतो? पण नाही म्हटलं असतं तर जहाजावर बाप असतो हे कबूल करावं लागलं असतं, आणि मग त्या सकाळचं काय, हेही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. थर्लोनं टोपी सारखी केली आणि म्हणाला, "आणा."

त्यानं स्वतः झाकण उघडलं. स्वतः एकेक वस्तू उचलून पुकारली. वस्तरा, फारसा न वापरलेला. बूट. हातमोजे. आवाज त्याचा ठणठणीत होता, वादळात ऐकू यावा असा. माणसं बोली लावत होती आणि बोलीत एक दुष्ट मजा होती. ज्यांच्याकडे दोन वस्तरे होते ते तिसऱ्यासाठी भांडत होते. आईसाठी सुमात्रात पाडांगला घेतलेला रेशमी रुमाल निघाला, लाल, कडेला पक्षी असलेला. तो सायलसनं घेतला. उलगडला आणि त्यात मोठ्यानं नाक शिंकरलं. थर्लोचा हात पेटीच्या काठावर पांढरा पडला. पुढची वस्तू त्यानं पुकारलीच.

सगळ्यात तळाशी पिवळा लोकरी सदरा होता. हिटीनं विणलेला, कांद्याच्या सालींत रंगवलेला. गावात तसा दुसरा नव्हता, कारण तो पिवळा इतका भडक उतरला होता की शेजारणी त्याला हसल्या होत्या. थर्लोनं तो उचलला आणि त्याला पुकारा करता येईना.

"हा..." म्हणाला. "हा मी ठेवतो. काय किंमत म्हणाल ती."

"पुकारणारा बोली लावत नाही, साहेब," आमोस म्हणाला. तोवर त्यानं कशावरच बोली लावली नव्हती. "मी घेतो तो."

"आमोस." नावानं हाक मारली बघा! "तुला मी माझा लांब कोट देतो. नवा आहे."

"तो माझ्या जागी गेला," आमोस म्हणाला. "त्याचा सदरा मी घालणार."

त्याच्यापुढं आणखी कुणी बोली लावली नाही. सदरा आमोसला गेला.

पुढचे दोन महिने 'प्रुडन्स'वर जे चाललं ते बघवत नव्हतं आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. लिफची टोपी एकाच्या डोक्यावर, त्याचे बूट दुसऱ्याच्या पायात. थर्लो डेकवर आला की ते मुद्दाम समोरून जायचे, सलाम ठोकून. आमोस तसं काही करत नसे. त्याला फक्त थंडी वाजायची आणि तो सदरा घालायचा. पण सुकाणूची पाळी असली की थर्लोसमोर तास न् तास ती पिवळी पाठ असायची. बारीक अंगाची, लांब मानेची. एकदा मी थर्लोला त्या पाठीकडे हात पुढं करताना पाहिलं. हात खांद्याजवळ गेला आणि तिथून परत आला. आमोस वळला नाही, नुसतं म्हणाला, "काही हुकूम, कप्तानसाहेब?"

"नाही," थर्लो म्हणाला. "चालू दे."

गाव सोडल्याला सोळा महिने झाले होते, मार्चच्या शेवटी आम्ही नदीत शिरलो. सेलमवाले आठवडाभर आधी पोचले होते, मिऱ्याचा भाव बसला होता. थर्लोनं झेंडा पूर्ण वर ठेवला होता. झेंडा अर्ध्यावर उतरतो तो कप्तान मेला तर, खलाशासाठी नाही. हाही नियमच. त्यामुळे धक्क्यावरच्यांना काही कळायला मार्ग नव्हता.

हिटी दोन्ही मुलींना घेऊन सगळ्यांच्या पुढं उभी होती. वर परबाणावर, शिडाच्या आडव्या काठीवर, माणसं शिडं गुंडाळत होती, त्यांच्यात तो पिवळा रंग. तिला तो लांबूनच दिसला. ती हात हलवत आनंदानं उड्या मारायला लागली, एवढी पन्नाशीची बाई. "लिफ! लिफ रे! अगं, बघा दादा कुठं चढलाय! जपून उतर, सोन्या!"

लिफची टोपी घातलेल्यानं ती काढून मागे लपवली. थर्लो मान वर करून, जेमतेम वर पोचेल एवढ्याच आवाजात म्हणाला, "आमोस, हात हलव तिला."

"काय, साहेब?"

"हात हलव. एवढं ऐक माझं. मी उतरून सांगेन तिला, घरी गेल्यावर सांगेन."

आमोसनं खाली त्या बाईकडे पाहिलं. मग त्या थंडीत परबाणावर बसल्या बसल्या त्यानं सदरा डोक्यावरून काढला, काखेत धरला आणि उघड्या अंगानं खाली उतरला. हिटीचा हात वरच राहिला.

धक्क्यावर उतरायची फळी टाकायच्या आतच ती जहाजावर आली. कशी आली कुणास ठाऊक. प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत गेली आणि शेवटी नवऱ्यापाशी थांबली.

"अहो, लिफ कुठाय?"

"केपपाशी," थर्लो म्हणाला. "धुक्यात. पाण्यात पडला." मग त्याला वाटलं असावं, एवढं पुरत नाही, आपली बाजूही सांगायला हवी. तो घाईघाईनं म्हणाला, "हिटी, मला ओळखू आला नाही गं. मला वाटलं, तो आमोस आहे."

आमोस हातभर अंतरावर उभा होता. मी हिटीकडे बघत होतो. मला वाटलं, आता ही नवऱ्याच्या थोबाडीत मारणार. मारावी, असं मला मनापासून वाटत होतं.

ती आमोसकडे वळली. पायापासून डोक्यापर्यंत त्याला बघितलं.

"पाळी तुझी होती?"

"हो, बाई."

"मग तू कसा परत आलास?"

धक्क्यावरून कुणीतरी म्हणालं, "खरंय बिचारीचं." आणखी दोघींनी माना हलवल्या. थर्लोनं हिटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिनं तो ठेवू दिला.

आमोसनं सदऱ्याची घडी केली, बाह्या आत घेतल्या आणि तो तिच्या हातात दिला.

"धुतलाय मी, बाई," तो म्हणाला, आणि आपली पेटी घ्यायला खाली गेला.